दोरीला लागलेला पाय

"एलबी म्हणजे काय हो?"

श्रीरंगने डब्यातून मान वर केली. जिन्याच्या खालच्या पायरीवर ती उभी होती – एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. कारखान्यात घडीच्या टेबलावर नव्याने कामाला लागलेली मुलगी. तिचं नाव योगिता, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापुढचं विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

त्याने डब्याचं झाकण पायरीवर उभं केलं, ते स्टंप. चमचा झाला बॅट. मग आपला पाय पुढे टाकून तो समजावत बसला – चेंडू कुठे पडला पाहिजे, कुठे लागला पाहिजे, अंपायर मनात कोणती रेघ ओढतो… बोलता बोलता त्याची भाजी गार झाली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पाय मध्ये नसता तर आत गेला असता."

"हो…"

"मग एवढंच सांगायचं ना."

आणि ती हसली. श्रीरंगला आपला पाय अजून पुढेच आहे हे उशिरा लक्षात आलं.

सुरतेच्या बमरोलीतल्या त्या कारखान्यात तयार साड्या यायच्या. त्या तपासायच्या, घडी घालायची, पिशवीत भरून खोक्यात रचायच्या. तपासणीच्या टेबलावर श्रीरंग बसे. काचेखाली ट्यूबलाइट लावलेली, तिच्यावरून साडी सरकत जायची. कुठे डाग, कुठे तुटका धागा, कुठे छपाई घसरलेली दिसली की तो तिथे लाल टिकली चिकटवायचा. दिवसभर दोष शोधायचे, हाच त्याचा पगार. घरचे परभणीकडचे, पण त्याचा जन्म इथलाच. सुट्टीत वाचनालयातून आणलेलं पुस्तक, नाहीतर क्रिकेट, यापलीकडे त्याला नाद नव्हता.

योगिताच्या मोबाइलवर चाललेलं क्रिकेट मात्र त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. तिचं गाव निंबखेडे, खानदेशात, तापीच्या काठी. तिथे हरभरा निघालेल्या शेतात सरपंच चषक चालू होता. टेनिसचा चेंडू, चुन्याने आखलेली खेळपट्टी, कडेने दोरी, मंडपात स्पीकर; आणि हे सगळं कोणीतरी कॅमेरा लावून थेट जगभर दाखवत होतं. जगभर म्हणजे मुख्यतः सुरत. गावातली निम्मी घरं डिंडोलीत येऊन राहिलेली, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत निंबखेड्याचं अर्धं गाव सुरतेत मोबाइलला टेकलेलं असे.

कॉमेंट्री अहिराणीत, तीही अशी भरधाव, की श्रीरंगला त्यातलं 'शे' म्हणजे 'आहे', एवढं सोडून काही पकडता येत नसे. योगिताला शब्द न् शब्द कळायचा, पण खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून त्याच्या पायरीवर येऊन बसली आणि तहाची कलमं सांगितली – तो काय बोलतो ते मी सांगेन, काय झालं ते तुम्ही सांगा.

तिसरी होती कलाबाई. घडीच्या टेबलावरची सर्वांत जुनी बाई, योगिताच्याच गावची. तिचा ना खेळाशी संबंध ना कॉमेंट्रीशी. बॉलरच्या मागे, दोरीच्या पलीकडे तिच्या बहिणीचं घर दिसायचं, ते बघायला ती यायची. आज बहिणीने गोधड्या वाळत घातल्या, आज दार बंद आहे म्हणजे अमळनेरला गेली असणार, असं तिचं वेगळंच सामनावर्णन चाले. रोज ती योगिताला मोबाइलवर आपलं नाव लिहायला लावी. मग थोड्या वेळाने कॉमेंट्रीवाला ओव्हर संपल्यावर वाचून दाखवायचा की सुरतेहून कलाबाई मावशी बघत आहेत – आणि कलाबाई चटकन डोक्यावर पदर ओढून घ्यायची, जणू गावाने मान वळवून बघितलं.

एकदा म्हैस मैदानात शिरली आणि खेळ थांबला. ती म्हैस कोणाची यावर कलाबाई आणि योगिता इतक्या भांडल्या, की सुट्टी संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. श्रीरंगने मोठमोठ्या मैदानांवरचे सामने पाहिले होते. पण एवढं लांब बसून, वीतभर पडद्यावर, कोणाच्या तरी म्हशीसाठी जीव टांगणीला लागलेला असा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याला ते फार आवडलं. जिन्यावर खळीचा वास यायचा, नव्या कापडाची धूळ उन्हात तरंगायची, योगिताची ओढणी त्याच्या बाहीला चिकटली की कापडातली वीज चटकन लागायची… आणि ती म्हणायची, "बोला ना, आता काय झालं?"

कारखान्यातल्या सगळ्या पुरुषांना ती भाऊ म्हणायची. त्याला एकट्याला म्हणत नसे. त्याचा अर्थ काय काढायचा यावर त्याने बरेच दिवस घालवले.

निंबखेड्याच्या संघात वाल्मिक नावाचा एक उंच मुलगा होता. तो खेळायला आला की योगिता भाकरी खाली ठेवायची. आधी श्रीरंगने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग एके दिवशी वाल्मिकने बॉलरच्या डोक्यावरून सरळ षटकार मारला, चेंडू कलाबाईच्या बहिणीच्या पत्र्यावर धाडकन आपटला आणि कलाबाईने योगिताला कोपराने ढोसून विचारलं, "पोऱ्या चांगला शे ना?"

योगिता लाजली नाही. लाजली असती तर बरं, असं श्रीरंगला वाटलं. तिने मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. बाजारात वांगी घेताना बघतात तसं.

मग उलगडा झाला. वाल्मिकचं गावात खतं-बियाण्यांचं दुकान होतं, आणि त्याच्याकडून योगिताला मागणी आली होती. स्पर्धा संपेपर्यंत त्याला सुरतेला यायला जमणार नव्हतं. फायनल रविवारी, आणि त्याच दिवशी योगिताच्या वडिलांनी – उखाभाऊंनी – होकार-नकार कळवायचा होता. तेव्हा पोहे करून मुलगा यायची वाट बघण्याऐवजी ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला बघत होती.

"तुम्ही चेकिंगवाले ना?" ती श्रीरंगला म्हणाली. डोळ्यांत थट्टा होती, पण सगळीच थट्टा नव्हती. "मग नीट बघून सांगा. माल कसा आहे?"

पाणी पिऊन तो म्हणाला, "खेळावरून माणूस कळतो थोडाच?"

"तुम्हीच म्हणाला होता, कळतो म्हणून."

म्हणाला होता खरा. तिच्यासमोर तो काय काय बोलून गेला होता, देव जाणे.

त्या दिवसापासून श्रीरंगचं जेवण गेलं. तो काम म्हणून वाल्मिककडे बघू लागला. घरी जाऊन त्याचे आधीचे सामनेही बघितले – थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा. कुठे तरी तुटका धागा असणारच. डाव्या बाजूचा चेंडू त्याला जमत नाही, असं एकदा वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्याने तिथेच चौकार मारला. गर्विष्ठ असेल म्हणावं, तर पडलेल्या बॉलरला हात देऊन उठवत होता. तापट असेल म्हणावं, तर चुकीचं आऊट दिल्यावर बॅट काखेत घालून निमूट चालू लागला. जाताना अंपायरच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, आणि अंपायर हसला.

"काय म्हणाला असेल हो?" योगिताने विचारलं.

"मला काय माहीत," श्रीरंग म्हणाला, "शिवी दिली असेल."

"शिवी दिल्यावर कोणी हसतं?"

"त्यांच्यात हसत असतील."

कलाबाई ठसक्याने खोकली. श्रीरंगने डबा उचलला आणि तो हात धुवायला गेला. आरशात त्याला आपला चेहरा दिसला. बरा होता, निदान गेल्या महिन्यापर्यंत बरा होता. वाल्मिक बाह्या कोपरापर्यंत दुमडतो हे आठवून त्यानेही दुमडल्या. परत आल्यावर कलाबाईने काळजीने विचारलं, हाताला चटका बसला की काय.

शुक्रवारी उपांत्य सामना होता. निंबखेडे शेवटची ओव्हर टाकत होतं आणि समोरच्या संघाला दहा धावा हव्या होत्या. एका फलंदाजाने चेंडू उंच उडवला. खाली वाल्मिक. मागे मागे सरकत त्याने डोक्यावर हात नेले, चेंडू पकडला, तोल सावरला. अंपायरचं बोट वर. मंडपात ढोल सुरू झाला, पोरं धावत सुटली.

आणि वाल्मिकने चेंडू जमिनीवर ठेवला. दोन्ही हात वर केले.

षटकार.

श्रीरंगने पाहिलं होतं. कॅमेरा त्याच बाजूला होता आणि डागावर नजर ठेवण्याची त्याला सवय होती. झेल घेताना वाल्मिकची टाच दोरीला लागली होती, जेमतेम. अंपायरने पाहिलं नाही, फलंदाजाने नाही, कोणीच नाही. आणि या बाबाने स्वतःहून सांगून टाकलं! त्याच्याच संघातली पोरं त्याच्या अंगावर ओरडत होती. तो मान हलवत होता, दोरीकडे बोट दाखवत होता. स्पीकरमधून कॉमेंट्रीवाला घसा फुटेस्तोवर काहीतरी बोलत सुटला होता.

योगिता आज कॉमेंट्री सांगायचं विसरली. ती पडद्यावरून नजर न काढता हलकेच म्हणाली, "काय झालं? सगळे त्याला का बोलतायत?"

श्रीरंगकडे फार वेळ नव्हता. फार वेळ असता तर कदाचित तो खरं बोलला असता.

"घाबरला," तो म्हणाला. "साधा झेल होता. धरला, पण घाबरून दोरीबाहेर गेला. मोक्याच्या वेळी हातपाय गळतात असल्यांचे… अशा माणसाच्या भरवशावर कसं राहणार?"

योगिताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मोबाइल बंद केला. सामना संपलेला नव्हता. ती उठली, ओढणी झटकली आणि घडीच्या टेबलाकडे निघून गेली.

श्रीरंगला वाटलं, काम झालं. दुपारभर साड्या काचेवरून सरकत राहिल्या. दोन वेळा त्याने धडधाकट पदरावर टिकली लावली आणि पुन्हा काढली.

चहाच्या वेळी कलाबाई त्याच्यासमोर येऊन बसली. त्याच्याशी ती एरवी मराठीत बोलायची. आज रागाने तिच्या तोंडून अहिराणी आली. "दोरीले पाय लागना, त्यानी सोताच सांगी दिन्हं," ती म्हणाली. कॉमेंट्रीवाला तेच तर ओरडत होता – असा पोऱ्या लाखात एक, टाळ्या वाजवा म्हणून. तिला आणि योगिताला सगळं कळलं होतं. "मंग तू तिले काय सांगं, भाऊ?"

श्रीरंगच्या हातातला चहा तसाच राहिला. आपण डोळे आहोत या तोऱ्यात तिला कान आहेत हेच तो विसरला होता.

निंबखेड्याने तो सामना शेवटच्या चेंडूवर जिंकला, हेही त्याला कलाबाईकडूनच कळलं. शनिवारी योगिता पायरीवर आली नाही. घडीच्या टेबलापाशी उभ्यानेच जेवली. तो दोनदा तिच्या दिशेने गेला आणि दोनदा पाणी पिऊन परत आला. संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडताना त्याने कसंबसं विचारलं, उद्या फायनल कुठे बघणार?

"घरी," ती म्हणाली. "तिथे समजावून सांगणारे पुष्कळ आहेत."

रविवारी त्याने धुतलेला शर्ट घातला, बाह्या मनगटापर्यंत सोडल्या आणि तो डिंडोलीला गेला. जाऊन काय करायचं, ते त्याने ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर गेलाच नसता.

घर शोधावं लागलं नाही. गल्लीत ताडपत्री बांधलेली, ओट्यावर मोठा टीव्ही ठेवलेला, त्यावर निंबखेड्याचं शेत. खाली सतरंजीवर गल्लीभरातली माणसं. त्यांच्या मधोमध पांढऱ्या मिशांचा एक माणूस बसला होता. श्रीरंगला पाहून तो किंचित सरकला आणि आपल्या शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"चेकिंगवाले ना? या. बसा."

हेच उखाभाऊ. श्रीरंग बसला. त्यांना आपण कसे माहीत, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. योगिता दारात उभी होती. गल्लीत आपल्याला कोणीच दिसत नाही, अशी.

वाल्मिक खेळायला आला तेव्हा सगळ्या सतरंजीने गलका केला. उखाभाऊंनी मिशीवर हात फिरवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोर सांगते, तुम्हाला खेळातलं फार कळतं. हा पोरगा कसा वाटतो?"

श्रीरंगने दाराकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. मग आपल्या चपलांकडे.

"चांगला आहे," तो म्हणाला. आवाज जरा मोठा आला असावा, पुढची दोन माणसं वळली. "मी खूप शोधलं काका, त्याच्यात काही सापडेना. शुक्रवारचा झेल – मी तुमच्या मुलीला खोटं सांगितलं. तो घाबरला नव्हता. त्याचा पाय लागला होता आणि त्यानं आपणहून सांगितलं. त्याच्या जागी मी असतो तर… मला नसतं जमलं बहुतेक."

"एवढा चांगला आहे, तर अडचण काय?"

"अडचण त्याच्यात नाही," श्रीरंग म्हणाला. "अडचण मी आहे. तो चौकार मारतो आणि मला भूक लागत नाही. दुसरं काही कारण नाही."

उखाभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. टीव्हीवर वाल्मिकने चेंडू तडकावला. सगळी गल्ली ओरडली, तरी ते श्रीरंगकडेच बघत होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पाणी हवं म्हणाले, आणि घरात गेले. वाटेत योगिताच्या डोक्यावर टपली मारून गेले.

थोड्या वेळाने ती येऊन बसली. वडिलांच्या जागी नाही, त्या जागेच्या पलीकडे. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"बाबा आज मॅच बघत नाहीयेत," ती समोर बघत म्हणाली. "तुम्हाला बघतायत."

"मला? का?"

"मी सकाळीच त्यांना सांगितलं, वाल्मिक नको. का, म्हणून विचारलं त्यांनी. मग मला नाव सांगावं लागलं."

श्रीरंगने ते ऐकलं. पण लांबच्या सामन्यासारखं, चित्र पोहोचायला जरा वेळ लागला.

"पण मी तर खोटं…"

"हो. राग आला. अजून आहे." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वाल्मिक चांगला आहे, मला दिसतंय ना. पण मी मोबाइलकडे बघत होते असं वाटलं तुम्हाला? त्याने चौकार मारला की तुमच्या भुवया अशा खाली यायच्या. तो आऊट झाला की तुम्ही एक भाकरी जास्त खायचा. मला सगळा खेळ तुमच्या तोंडावरूनच कळला. कॉमेंट्री सांगायची म्हणून सांगत होते… नाहीतर पायरीवर बसायला काय कारण होतं?"

श्रीरंगला बोलायचं होतं. पुस्तकांत अशा वेळी माणसं किती छान बोलतात. त्याच्या तोंडून निघालं ते असं – "मग त्याला कळवलं?"

"नाही. उद्या कळवणार आहेत बाबा. मीच म्हटलं, आज नको. आज त्याची फायनल आहे, त्याला नीट खेळू द्या."

आणि काय सांगावं, एवढं सगळं पदरात पडल्यावरही श्रीरंगच्या भुवया खाली आल्या. तिने त्या माणसाची एवढी काळजी करावी! ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती. तिला हसू आवरेना.

"पुन्हा?"

"हो," तो म्हणाला.

"जळा," योगिता म्हणाली. "मला बघायला आवडतं." आणि मधल्या अंतरातून ती इकडे सरकली. कोणाला दिसेल न दिसेल, एवढीच.

शेवटची ओव्हर. शेवटचा चेंडू. निंबखेड्याला षटकार हवा. ओट्याच्या कडेला कलाबाई उभी होती, हातात पदर, नजर अर्थात बहिणीच्या पत्र्यावर. उखाभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकले. बॉलर धावत आला. वाल्मिकने बाह्या वर केल्या, बॅट मागे नेली आणि सगळ्या अंगाने फिरवली. चेंडू उंच गेला, खूप उंच… मार रे, मार, असं कोणीतरी पुटपुटलं. तो आवाज आपलाच आहे, हे श्रीरंगला नंतर कळलं.

आणि चित्र अडकलं.

पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. एक खेळाडू दोरीपाशी मान वर करून थांबलेला, मंडपातली माणसं अर्धी उठलेली, निळ्या आभाळात पिवळा ठिपका. गल्लीत कोणी मोबाइल काढून गावाला फोन लावत होतं, कोणी वायर हलवत होतं, उखाभाऊ सगळ्यांना गप्प बसायला सांगत होते. सतरंजीवर, ओढणीच्या आड, योगिताची बोटं श्रीरंगच्या हातावर येऊन थांबली. कापडातली वीज नव्हती ती.

त्याने हात तसाच ठेवला. वर बघायची त्याला काही घाई नव्हती. चेंडू अजून हवेतच होता.